एकानंतर दहा

२ फेब्रुवारी, रविवार

आणलाच शेवटी! लॅपटॉप आणि घड्याळाचा ट्रे, दोन्ही. दादाच्या दुकानापासून घरापर्यंत ट्रे मांडीवर धरून, जीव मुठीत घेऊन बसले होते. एक चाक जरी घरंगळलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

वहिनीच्या कपाळाला आठ्या. "घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे कशाला?" चुकलं काही नाही तिचं. पुढच्या खोलीत दादाची खाट, चाकांची खुर्ची, औषधांचं टेबल. मी बाटल्या खिडकीत सरकवल्या आणि त्या टेबलावर ट्रे ठेवला. दादाने पाहिलं. एकदाच. मग तोंड भिंतीकडे.

साडेतीन आठवडे झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय — थांब. सूप भरवताना थांब, अंग पुसताना थांब, खिडकी उघडली तरी थांब. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "अशा पेशंटच्या तोंडात एखादा शब्द अडकून बसतो. त्याला अर्थ नसतो. मनावर घेऊ नका." येणाऱ्या-जाणाऱ्यांना हसू येतं. मला नाही येत.

३ फेब्रुवारी

बाई येऊन गेल्या. दादाने बोटसुद्धा हलवलं नाही. "पहिले तीन महिने सोन्याचे असतात," म्हणाल्या. त्यातला एक संपत आला.

४ फेब्रुवारी

घड्याळ वाचनालयाचं आहे. माझ्या छातीएवढं उंच, लंबकाचं. ग्रंथपालांनी ते डिसेंबरात दादाकडे आणून दिलं, आणि दादाने ते पूर्ण खोलून, धुऊन-पुसून ठेवलं. लावायचं राहिलं. एवढ्यात हे झालं.

आज ग्रंथपालांचा फोन. फार सज्जन माणूस. दादाची चौकशी आधी, घड्याळाची नंतर. "घाई नाही हो. पण सहाचे टोल पडत नाहीत म्हणून वाचक उठतच नाहीत. मलाच टोल व्हावं लागतं." मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या कारागिराला ते सुटे भाग देता येणार नाहीत, कोणी हात लावणार नाही त्याला. लावायचं तर दादाच्या फोटोंवरून. त्याची पद्धतच ती. काहीही सोडवायच्या आधी फोटो. टेबलावर स्टँड, स्टँडवर कॅमेरा, दहा सेकंदांचा टायमर. चिमट्यात तो भाग धरायचा, जिथून काढणार तिथेच, आणि टिक. मग फोटोला नंबर. "खोलायला अक्कल लागत नाही, लावायला लागते," हे त्याचं पेटंट वाक्य. बाजारात त्याला टिकटिक म्हणतात ते घड्याळांमुळे की कॅमेऱ्यामुळे, देव जाणे.

ते सगळे फोटो ह्या म्हाताऱ्या लॅपटॉपमध्ये आहेत. चालू केला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, नाव विचारतोय. ना चित्र, ना माऊसचा बाण. बंद केला.

५ फेब्रुवारी

इथे तरी लिहू दे. कोणालाच सांगितलेलं नाही.

नऊ जानेवारी. नेहमीसारखी डबा द्यायला दुकानात गेले, तिथून ऑफिसला. पावणेअकरा झाले होते. वकीलसाहेबांचा अर्ज बारापर्यंत टाइप होऊन कोर्टात जायचा होता. दादा टेबलाशी बसलेला. म्हणाला, "हात जरा जड वाटतोय गं." मी म्हणाले, "पुरे झाली नाटकं. रात्री उशिरापर्यंत बसतोस, मग असंच होणार." डबा ठेवला आणि वळले. तो म्हणाला, "थांब." मी थांबले नाही.

शेजारचा शिंपी एक वाजता चहा द्यायला आत गेला, तेव्हा दादा जमिनीवर होता. दोन तास! दोन तासांच्या वर.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं? किती वाजता? आधी काही तक्रार होती?" वहिनी आणि मी शेजारी-शेजारी उभ्या. मी फरशीकडे बघत राहिले. ती पण. मग मी म्हणाले, "माहीत नाही." डॉक्टर म्हणाले, वेळ नक्की कळली असती तर एक इंजेक्शन होतं, आता ती जोखीम घेता येत नाही.

माझ्या तोंडातून शब्द फुटला असता तर? तेव्हाही वेळ होती. मी भ्याले. वहिनी काय म्हणेल, ह्याला भ्याले. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा ह्या दोघांनी एक प्रश्न न विचारता मला खोली दिली. नऊ वर्षं झाली. आणि मी दादाला पाच मिनिटं दिली नाहीत.

८ फेब्रुवारी

भाचीचा फोन. दादाची मुलगी, दूरच्या शहरात कॉम्प्युटरवरच काम करते. हा लॅपटॉप तिचाच जुना. सात वर्षांपूर्वी त्याला चित्रांचा पडदा झेपेनासा झाला, तेव्हा तिने तो काढूनच टाकला आणि नुसती अक्षरं ठेवली. दादा म्हणाला होता, "मला चालेल. घड्याळाला तरी दोन काट्यांपेक्षा जास्त काय असतं?"

"आत्या, पासवर्ड खाली चिकटवलेला असणार." उलटा केला. होता! दादाच्या बारीक अक्षरात. आत गेले. पुन्हा काळा पडदा.

"आता वरचा बाण दाब. बाबांनी शेवटचं जे टाइप केलं असेल ते येईल."

दाबला. एक ओळ उमटली. एफबीआय, मग एक जागा सोडून एक्केचाळीस. परदेशातल्या गुप्तहेरांच्या खात्यासारखं नाव, पण भाची म्हणाली की ते फोटो दाखवणारं साधं यंत्र आहे. ती दुसरंच काहीतरी करत बोलत होती, मला मात्र त्या ओळीवरून नजर काढवेना. त्याच्या बोटांनी शेवटचं लिहिलेलं हेच.

एंटर दाबलं. पडदाभर एक स्क्रू! फोटोचा एकच कोपरा, नारळाएवढा. भाची म्हणाली, मध्ये एक आडवी रेघ आणि ए टाक, म्हणजे मावेल. टाकलं. मावला. दादाचं टेबल, हिरवं कापड, घड्याळाची उघडी पितळी प्लेट. "बंद कर गं ते," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. तिने पडदा पाहिलाही नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

भाचीने सांगितलं होतं की नंबरच्या जागी चांदणीची खूण टाकली तर सगळे फोटो ओळीने येतात. टाकली. स्पेस दाबत गेले.

पहिला फोटो, अख्खं घड्याळ, काटे-लंबकासकट. दुसरा — दार नाही, तबकडी नाही, आतलं यंत्र टेबलावर उघडं! मधलं सगळं गायब. तसंच पुढे दहाबारा फोटो, चाकं एकेक निघतायत, आणि मध्येच घड्याळाला पुन्हा तबकडी! लंबक तेवढा काढलेला. मग पुन्हा चाकं. मग पुन्हा तबकडी. शेवटी तर सगळी चाकं निघून प्लेट मोकळी झाल्यावर पाचसहा फोटोंत घड्याळ परत भरलेलं. कधी त्याचा उजवा हात दिसतो, फाटक्या नखाच्या अंगठ्याचा, कधी डावा. कशाचा कशाला मेळ नाही.

दादाचं असं काम? जो माणूस मोजेसुद्धा घड्याळाच्या दिशेने घडी करून ठेवतो?

दोनदा पाहिले. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याचं डोकं आधीपासूनच बिघडत होतं! महिनाभर आधी. त्याला क्रम सुचत नव्हता. म्हणजे ते त्या सकाळी सुरूच झालं नव्हतं. मग माझे दोन तास कसले?

इतकं हलकं वाटलं की बाहेर जाऊन कोपऱ्यापर्यंत उगाचच चालून आले. परत येताना लक्षात आलं — भावाचं डोकं आधीच फिरलं होतं ह्याचा मला आनंद झालाय. असू दे. झालाय.

१० फेब्रुवारी

झोप लागली. सलग सहा तास.

११ फेब्रुवारी

सकाळी वहिनी दादाला शर्ट घालत होती. बघत बसावं असं काम! एक हात त्याच्या पाठीशी, दुसऱ्याने बटणं — खालपासून वरपर्यंत अर्ध्या मिनिटात, बोलता बोलता. मी परवा लावली तर दोन बटणं खालीवर. दादा वैतागून म्हणाला, "थांब!"

आज तो शब्द मला टोचला नाही.

१२ फेब्रुवारी

भाचीला सांगितलं. मोठ्या शहाणपणाने सांगितलं! "तुझ्या बाबांचं डोकं डिसेंबरातच गडबडलं होतं. फोटो बघ, कसे वेडेवाकडे काढलेत."

ती हसलीच. "आत्या, फोटो बरोबर आहेत. मशीन वेडं आहे. त्याला ते आकडे म्हणजे नुसती अक्षरं. शब्दकोशासारखं लावतं ते. एक झाला की एकपासून सुरू होणारे सगळे. दहा, अकरा, बारा, एकोणीसपर्यंत. मग दोन. मग वीस."

एकानंतर दहा.

आमच्या ऑफिसात नव्या कारकुनाने फायली अशा लावल्या असत्या तर साहेबांनी त्याला फायलींसकट बाहेर काढलं असतं. मी म्हणाले, "मग दादाला कसं कळलं नाही?" तर म्हणे बाबा एका वेळी एकच नंबर टाकून बघायचे, त्यांना हवा तो फोटो दिसायचा. "चांदणी मी सांगितली तुला, माझंच चुकलं."

म्हणजे दादाचं डोकं ठिकाणावर होतं. एक ते एक्केचाळीस, शिस्तीत. वेडी मी. तीन दिवस सुखाने झोपले ते ह्या भांडवलावर!

दोन तास परत आलेत.

१३ फेब्रुवारी

पहिल्या नऊ फोटोंच्या नावाआधी शून्य लावायचं, म्हणजे रांग सरळ होते. एकेका फोटोचं जुनं नाव, नवं नाव, एंटर. नऊ वेळा. टायपिंग माझ्या हातचा मळ, पण चौथ्या वेळी बोट चुकलं आणि फोटो पुसला गेला असं वाटलं. नव्हता पुसला.

१५ फेब्रुवारी

वहिनीने जेवताना सांगितलं. दुकान सोडायचं. जागेच्या मालकाला कळवलं आहे, पाच मार्चला किल्ली द्यायची. घड्याळ आहे तसं पोत्यात घालून वाचनालयाला परत.

मी म्हणाले, "दादाला विचारलंस?"

"काय विचारू? थांब म्हणतील." आणि ताट उचलून आत गेली. पाठमोरीच म्हणाली, "ते घड्याळ मला डोळ्यांसमोर नको आहे, वन्सं."

दादाने सगळं ऐकलं. भिंतीकडे तोंड असलं म्हणून काय कान बंद असतात? त्याची मान ताठ झालेली मला दिसली. दुकान गेलं तर तो त्या भिंतीकडून परत फिरणार नाही, हे मला कोणा डॉक्टरने सांगायला नको. अठरा दिवस आहेत. ते घड्याळ उभं करायचं. मी करणार. त्याचे दोन तास मी घेतले, माझे घे म्हणावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेवटून सुरुवात. एक्केचाळीसला प्लेट मोकळी, म्हणजे तिथून मागे-मागे जायचं. चाळीसमध्ये चिमट्यात पहिलं मोठं चाक. ट्रेमध्ये तसं चाक शोधलं, पुसलं, त्याच्या भोकात उभं केलं. डळमळलं. पुन्हा केलं. पुन्हा डळमळलं.

"थांब."

मी वळून पाहिलं. दादा माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे नाही, चाकाकडे. भिंत त्याच्या पाठीमागे होती!

चाक उलटं करून ठेवलं. तो गप्प. बसलं ते, मस्त बसलं. पुढच्या चाकाला मुद्दाम चुकीच्या भोकाशी चिमटा नेला. "थांब." बरोबर भोकाशी नेला. गप्प.

अर्थ नाही म्हणे त्या शब्दाला! वहिनीला हाक मारली. दारात आली, पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि आत गेली. मला वाटलं होतं आनंदाने ओरडेल.

आणि आता हे लिहिताना कळतंय. आजच्या थांबला अर्थ आहे, तर त्या दिवशीच्या थांबला पण होता.

१८ फेब्रुवारी

तेहतीसपर्यंत आलो. रोज ऑफिसातून आल्यावर एक तास. मी चिमटा, तो थांब.

२० फेब्रुवारी

व्यायामाच्या बाईंना म्हणाले, तो शब्द अडकलेला वगैरे काही नाही, मालक आहे तो त्या शब्दाचा. त्यांनी दादाला खुर्चीत बसवून टेबलाशी आणला. आजपासून खाटेवर नाही, माझ्या शेजारी बसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजचं काम जिवावरचं. सगळी चाकं उभी आहेत, त्यांच्यावर वरची प्लेट ठेवायची. अकरा टोकं, अकरा भोकं, आणि सगळी एकाच वेळी बसली पाहिजेत. एक बसवलं की दुसरं निसटतं. बसवलं की निसटतं! दीड तास. मी घड्याळाला, वाचनालयाला, ग्रंथपालांच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. दादा हसला. अर्ध्या तोंडाने, पण हसला.

मग त्याचा डावा हात आला. माझ्या बोटांतून चिमटा काढून घेतला. एकेक टोक अलगद ढकलत गेला, खालून वर, न थरथरता. मी नुसती प्लेट दाबून धरली. पाच मिनिटांत टक्‌ आवाज झाला आणि प्लेट बसली.

मी रडले. लाज नाही वाटली. पण एक कळेना. जन्मभर उजव्या हाताने काम केलेला माणूस, डावा इतका सराईत कसा? बाईंनी तर कालपरवाच त्याला डाव्या हाताने चमचा धरायला दिला. विचारलं त्यांना फोनवर. म्हणाल्या, गरज पडली की शिकतं माणूस. असेल.

२६ फेब्रुवारी

चौदापर्यंत. ग्रंथपाल येऊन बघून गेले. दादाला हात जोडले. तो म्हणाला, "थांब." ते खरंच थांबले, चहा होईपर्यंत.

वहिनीने दुकानाची किल्ली खुंटीवरून काढून पर्समध्ये ठेवली आहे.

१ मार्च

लिहायला सुचत नाही, तरी लिहिते.

आज बारा, अकरा, दहा झाले. टोलाची हातोडी लागली. रोजच्या सवयीने नऊ नंबर लावला. फोटोत उजवा हात. फाटक्या नखाचा अंगठा, चिमटा धरलेला.

परत दहा लावला. डावा. अकरा, बारा, पंधरा, वीस. डावा. डावा. एक्केचाळीसपर्यंत डावा! टेबलावर कोपऱ्यात उजवा हात दिसतो कधीकधी, पण कपड्याच्या बोळ्यासारखा पडलेला. मग आठ, सात, सहा. उजवा, उजवा, उजवा.

तेव्हा सगळे मिसळून आले होते म्हणून वाटलं, कधी हा हात, कधी तो. दोन आठवडे मागे-मागे येत गेले तेव्हाही लक्ष चाकांवर, चिमटा कोणत्या हातात आहे इकडे कोण बघतंय! आता एका ओळीत लागले तर त्यात एकच रेघ आहे. नऊच्या अलीकडे एक माणूस, दहाच्या पलीकडे दुसरा.

तारखांची यादी काढली. नऊ नंबर, एकोणीस डिसेंबर. दहा नंबर, वीस डिसेंबर. एक्केचाळीस, आठ जानेवारी. म्हणजे वीस डिसेंबरपासून त्याचा हात चालत नव्हता. वीस दिवस! वीस दिवस हा माणूस डाव्या हाताने घड्याळ खोलत होता, रोज माझ्याकडून डबा घेत होता, आणि बोलला नाही.

"दादा, तुला माहीत होतं?"

त्याने डावा हात उचलून पडद्यावर ठेवला. पंजा पसरून, सगळा फोटो झाकून. "थांब," म्हणाला. अगदी हळू.

मी ओरडले त्याच्यावर. दीड महिना ज्याच्यापुढे मान वर केली नाही, त्याच्यावर ओरडले. "डॉक्टरकडे जायला काय धाड भरली होती? कोणाला भीत होतास?" मग वाटलं, मी कोणाला विचारतेय! मी पण भ्यालेच ना.

आणि मग दुसरं सुचलं. वीस दिवस गप्प राहिलेला माणूस एकविसाव्या दिवशी बोलला. हात जड वाटतोय म्हणाला. मला म्हणाला. मोठ्या मुश्किलीने एकदाच तोंड उघडलं त्याने, आणि मी म्हणाले नाटकं.

२ मार्च, रविवार

नऊ फोटो उरले आहेत. हात लावला नाही आज.

वहिनी पाच तारखेला किल्ली देणार. तिला वाटतंय हे सगळं एका दिवसात आभाळातून पडलं. बिचारीला काहीच माहीत नाही. वीस दिवस त्याने लपवलं ते माहीत नाही, दोन तास मी लपवले ते माहीत नाही. तिच्या नवऱ्याचं आहे, तिला कळायला हवं. मग मला घरातून जा म्हणाली तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण ऐकेन.

तीनदा स्वयंपाकघरात गेले. एकदा पाणी प्यायले, एकदा उगाच डबे पुसले, एकदा ती म्हणाली, "काय झालं, वन्सं?" आणि मी म्हणाले, "मीठ कुठे आहे?"

तोंडाने होणार नाही. ही वही तिच्या उशीवर ठेवते.

३ मार्च

वन्सं, वाचली. तुमच्याच वहीत लिहिते, माझ्याच्यानेही तोंडाने होणार नाही.

वीस दिवस त्यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. हात चालत नाही म्हणाले, आणि कोणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथ घातली. मी पाळली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुमच्या शेजारी उभी राहून पाळली.

किल्ली खुंटीवर परत लावली आहे. उरलेले नऊ फोटो मलाही दाखवा.

तुम्ही दोन तास धरून बसला आहात. माझ्याकडे वीस दिवस आहेत.